अभ्यासिकेच्या दारात एक कादंबरी

गावानं मिळून एकच पुस्तक वाचायचं ही कल्पना अमेरिकेतून आली, असं आपल्याकडच्या एखाद्या विणेकऱ्याला सांगून बघा, तो हसेल. मराठवाड्यात सप्ताहाच्या दिवसांत कुठल्याही रस्त्यानं निघा, दर चार गावांआड मंडप लागतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, दिवस मावळताना हरिपाठ, रात्री कीर्तन. व्यासपीठ चालवणारे महाराज ओवी उचलतात आणि समोर रांगेनं बसलेल्या बाया-माणसांच्या माना एकदम पानावर झुकतात. कुणाच्या चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, कुणाचं बोट ओळीवरून सरकतंय, एखादी आजी अक्षरओळख नसताना पुस्तक नुसतं उघडं धरून कानानं वाचतेय. सात दिवसांत नऊ हजारांच्या आसपास ओव्या संपतात. तिकडे विहारांमध्ये आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. श्रावणात देवळात पोथी लागते. इतकं सामूहिक वाचन ज्या भागात चालतं, तिथं 'एक शहर, एक पुस्तक' शिकवायला सिएटलहून कुणी यायची गरज नाही.

तरी सिएटलकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९९८ मध्ये तिथल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सगळ्या शहरानं एकच कादंबरी वाचावी आणि मग जागोजागी बसून तिच्यावर बोलावं, असा उपक्रम सुरू केला. २००१ मध्ये शिकागोनं तो उचलला. २००२ मध्ये लॉस एंजेलिसनं रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी निवडली. पुढे २००४ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कला संस्थेचा एक अहवाल आला: देशातली निम्म्याहून कमी प्रौढ माणसं आता कथा-कविता-नाटक असलं काही वाचतात. त्या धक्क्यातून २००६ साली 'द बिग रीड' हा देशव्यापी कार्यक्रम निघाला, आणि त्याच्या पहिल्या चार पुस्तकांत पुन्हा हीच कादंबरी होती.

घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी असं पुस्तक निवडलं ज्याला कुणी हळद-कुंकू वाहत नाही. पारायणात ग्रंथाची आधी पूजा होते, मग तो उघडतो. त्यात काही वाईट नाही. त्या वाचनानं या भागातली मराठी जिवंत ठेवली आहे. पण पारायणात कुणी मध्येच हात वर करून 'महाराज, ही ओवी मला पटली नाही' म्हणत नाही. विहारातही म्हणत नाहीत. कादंबरीच्या बाबतीत म्हणता येतं, किंबहुना म्हणावंच लागतं. गावानं मांडी घालून एकत्र बसायचं, एकच पुस्तक पुढ्यात घ्यायचं आणि त्याच्याशी भांडायचं, अशी बैठक आपल्याकडे नाही. ती सुरू व्हावी, आणि पहिलं पुस्तक 'फॅरनहाइट ४५१' असावं, असं माझं म्हणणं आहे.

कादंबरी १९५३ ची. भविष्यातली अमेरिका. घरं आता पेट घेत नाहीत, म्हणून अग्निशामक दलाला नवं काम मिळालंय: ज्याच्या घरी पुस्तकं सापडतील त्याचं घर जाळायचं. गाय माँटॅग हा त्या दलातला साधा नोकरदार. वडील तेच काम करायचे, आजोबाही तेच. त्याची बायको मिल्ड्रेड दिवसभर भिंतीएवढ्या तीन पडद्यांसमोर बसते आणि चौथी भिंतही पडद्याची करू या म्हणून नवऱ्याच्या मागे लागते; रात्री कानात बोंडं घालून झोपते. शेजारची एक पोरगी माँटॅगला सहज विचारते की तू सुखी आहेस का, आणि तिथून त्याचं बिनसायला लागतं. एके दिवशी एक म्हातारी पुस्तकं सोडून घराबाहेर यायला नकार देते आणि स्वतःच काडी ओढून त्यांच्यासकट जळते. माँटॅग तिच्या घरातून एक पुस्तक चोरून आणतो. पुढचं इथं सांगत नाही. नाव कागद पेट घेण्याच्या तापमानावरून दिलंय. आपल्या मापात साधारण २३३ अंश सेल्सिअस.

आता कुणीही म्हणेल, बरोबर, सरकार पुस्तकं जाळतं त्याच्यावरची कादंबरी आहे, आजच्या काळाला लागू पडते. मला ती त्यासाठी नको आहे. सरकारी दडपशाही कळायला मराठवाड्याला अमेरिकन कादंबरी लागत नाही. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. पुस्तक जाळायची वेळच येत नव्हती, ते चारचौघांत वाचायला जमणंच गुन्ह्यात मोडायचं. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून आणि औरंगाबादेतून पोरं काढून टाकली गेली. ज्या घरांत या आठवणी आहेत, तिथं हुकूमशाहीचा धडा नव्यानं द्यायला नको. शिवाय असल्या पुस्तकाचं आपल्याकडे काय होतं ते ठाऊक आहे. सत्ताधाऱ्यांचा विरोधक उठून म्हणणार, हे तर आजचं. सत्ताधारी म्हणणार, हे तर आणीबाणीचं. दोघंही पुस्तक न उघडता घरी. ऑर्वेलची '१९८४' घेतली तर हमखास हेच होईल. (ऑर्वेलचा एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे. तो १९५० मध्ये वारला, त्यामुळे भारतात त्याचे हक्क २०१० अखेर संपले. त्याचं पुस्तक कुणीही मराठीत आणून छापू शकतं. ब्रॅडबरी २०१२ पर्यंत जगला. त्याच्या वारसांकडून परवानगी घेतल्याशिवाय एक पान छापता येणार नाही, आणि ही अट २०७२ अखेरपर्यंत आहे.)

'फॅरनहाइट'मध्ये सुटका नाही, कारण तिथं बोट सरकारकडे जातच नाही. माँटॅगचा साहेब कॅप्टन बीटी हा सगळ्या कादंबरीतला सगळ्यात जास्त वाचन केलेला माणूस. माँटॅग आजारी म्हणून घरी पडलेला असताना तो त्याच्या उशाशी येऊन बसतो, पाईप ओढत आपल्या खात्याचा इतिहास सांगतो, आणि त्यात साफ म्हणतो की हे वरून आलेलं नाही. आधी लोकांनी वाचणं सोडलं. पुस्तकं आखूड होत गेली, सारांशाचेही सारांश निघाले. मग ज्याला-त्याला कुठल्या ना कुठल्या पानाचा राग यायला लागला. या गटाला हे पान टोचतं, त्या गटाला ते, म्हणून लेखकांनी कुणालाच न टोचणारं लिहायला घेतलं. सरकार शेवटी आलं, ते फक्त काडी लावायला.

हे वाचताना आपल्याकडचा माणूस चुळबुळ करणारच. भावना दुखावण्याच्या बाबतीत मराठवाड्यात कुठलाही समाज मागे नाही, आणि या एका बाबतीत आपल्यात पक्षभेदही नाही. महापुरुषांवर बोलायचं तर वक्ता आधी सभेत कोण बसलंय ते बघतो. कॉलेजातले प्राध्यापक कोणता उतारा शिकवायचा आणि कोणता 'स्वयंअध्ययनासाठी' सोडायचा, हे वर्गातली आडनावं बघून ठरवतात. कुणी जाळत नाही. गरजच पडत नाही.

पण बीटीच्या भाषणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. तो म्हणतो, लोकांना शांत ठेवायचं असेल तर त्यांना माहिती द्या, भरपूर द्या. राज्यांच्या राजधान्या पाठ असल्या की बक्षीस, गेल्या वर्षी आयोवात मका किती पिकला ते सांगितलं की बक्षीस. पेट न घेणारी माहिती डोक्यात ठासून भरा. माणसाला आपण फार हुशार झालो असं वाटतं, आणि विचार करतोय असंही वाटतं.

लातूर, नांदेड, संभाजीनगरच कशाला, आता परळी, सेलू, उदगीर, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा आणि एखाद्या अभ्यासिकेचा जिना चढा. दारात चपलांचा ढीग. आत प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले खण. प्रत्येक खणात एक खुर्ची, एक ट्यूबलाइट, एक चार्जिंग पॉइंट. डोळ्यासमोरच्या फळीवर चिकटपट्टीनं लावलेला महाराष्ट्राचा नकाशा, त्याच्या शेजारी वेळापत्रक, त्याच्या खाली आई-वडिलांचा पासपोर्ट फोटो किंवा बाबासाहेब किंवा शिवाजी महाराज किंवा खाकी वर्दीतल्या एखाद्या अधिकाऱ्याचं कात्रण. कोपऱ्यात पाण्याचा जार. भिंतीवर 'मोबाईल सायलेंट ठेवावा'. सकाळी सातला आलेली पोरं रात्री दहाला उठतात, मधे मेसचा डबा. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, एमपीएससी. जी जाहिरात निघेल ती. आई-बापानं सोयाबीन विकून किंवा उसाच्या फडात कोयता चालवून महिन्याचे पैसे पाठवलेले असतात. मराठवाड्याच्या इतिहासात एवढी तरुण पोरं एवढे तास पुस्तक पुढ्यात घेऊन कधी बसली नसतील.

आणि त्या अख्ख्या खोलीत एक कादंबरी सापडत नाही. कवितासंग्रह नाही, चरित्र असलंच तर तीन पानी टिपणातलं. आयोवाच्या मक्याच्या जागी कुठल्या जिल्ह्यात कुठल्या पिकाचं क्षेत्र जास्त, एवढाच फरक. संत, समाजसुधारक, लेखक सगळे तिथं हजर आहेत, पण जन्मसाल, मूळ गाव, पहिलं पुस्तक आणि मिळालेला पुरस्कार या चार कप्प्यांत. म्हाइंभट माहीत आहे, 'लीळाचरित्र' माहीत आहे, जोड्या लावा म्हटलं की बरोबर लावतील. त्यातली एक लीळा सांग म्हटलं की पोरगं हसतं. ते सिलॅबसमध्ये नसतं.

यात त्या पोरांचा दोष नाही, हे मोठ्यानं म्हटलं पाहिजे, कारण वाचनसंस्कृतीवर बोलणारी आमची पिढी पहिली काठी त्यांच्यावरच उगारते. शेती परवडत नाही, कारखानदारी संभाजीनगरच्या आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींपलीकडे फारशी पोचली नाही, मग सरकारी नोकरी हीच एक खिडकी उरते आणि खिडकीबाहेर रांग लाखांची. ज्याला त्या रांगेत उभं राहायचंय त्यानं राजधान्या पाठ करू नयेत तर काय करावं? पण हे सगळं मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो, तो आपण विचारत नाही. ज्या माणसाच्या हाती उद्या सातबारा किंवा पोलीस ठाण्याची डायरी जाणार आहे, त्यानं वयाच्या विशीत दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात शिरून बघायचा अनुभव एकदाही घेतलेला नसावा, हे आपल्याला चालतं का? कादंबरी तेवढंच करते. ती तुम्हाला माँटॅग करते. हुकमाप्रमाणे काम करणारा, पगार घेणारा, आपण काय करतोय याचा विचार न केलेला सरकारी नोकर. भावी सरकारी नोकरानं वाचावं असं याहून नेमकं पुस्तक मला सुचत नाही.

इथं कुणी मला अडवू शकतो, आणि अडवावंच. कादंबरीच्या शेवटी जी माणसं पुस्तकं वाचवतात ती पाठांतरानंच वाचवतात ना? शहराबाहेर, जुन्या रुळांच्या कडेनं भटकणारी ती मंडळी. प्रत्येकानं एकेक पुस्तक डोक्यात ठेवलेलं. मग अभ्यासिकेतल्या पाठांतराला नावं का ठेवता? प्रश्न खरा आहे आणि मराठवाड्यात तो जास्तच टोकदार होतो, कारण आपलं जुनं मराठी वाङ्मय असंच तगलंय. 'लीळाचरित्र' घडलंच आठवणींतून. म्हाइंभटानं महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या सहवासातल्या माणसांना गाठून, विचारून, एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून लीळा जमवल्या. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना ती तोंडपाठ होती त्यांच्याकडून पुन्हा जुळवली गेली. हिराइसेचा पाठ म्हणून एक परंपरा सांगतात. एका बाईच्या स्मरणशक्तीवर मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ उभा राहतो. ब्रॅडबरीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्याच्या कादंबरीचा शेवट आपल्याकडे सहाशे-सातशे वर्षांपूर्वी घडून गेलेला आहे.

फरक असा की हिराइसेनं जे पाठ केलं ते दुसऱ्याला देण्यासाठी, आणि अभ्यासिकेत जे पाठ होतं ते पेपर दिल्यावर विसरण्यासाठी. पोरं स्वतःच सांगतात, 'निकाल लागला की सगळं डिलीट.' त्यात गाळलेल्या जागा असतात, पण माणूस नसतो ज्याच्यासाठी ते जपावं. हे माझं उत्तर. बैठकीत कुणी याहून चांगलं दिलं तर ऐकायला आवडेल. कुणी खोडलं तर आणखी.

परदेशी पुस्तक कशाला, आपलं का नको, हा आक्षेप येणारच. मराठवाड्यानं कमी चांगले लेखक दिले आहेत असं नाही. पण समजा मराठवाड्यातल्याच एखाद्या लेखकाची कादंबरी जाहीर केली. पहिला प्रश्न काय असेल? 'लेखक कोण्या समाजाचा?' दुसऱ्या दिवशी दुसऱ्या समाजाचं निवेदन. ही आपलीच खोड आहे असंही नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्क शहरानं असाच उपक्रम करायला घेतला, तर कुठलं पुस्तक शहराचं प्रतिनिधित्व करतं यावरून निवड करणाऱ्यांतच असं फाटलं की शहराचं एक पुस्तक ठरलंच नाही. ब्रॅडबरी आपल्या कुणाच्याच पाहुण्या-रावळ्यांतला नाही. त्याच्या आडनावावरून काही कळत नाही. निदान पहिल्या वर्षी तेवढ्या एका स्टेशनवर गाडी न थांबता पुढे जाईल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरचं पुस्तक घ्यायची ताकद यावी, तीही भांडणासकट.

समीक्षक हॅरॉल्ड ब्लूमला हा सगळाच प्रकार नावडता होता. सगळ्या शहरानं एकाच वेळी एकच पुस्तक वाचणं म्हणजे सगळ्यांनी एकदम एकच बेचव खाणं खायला धावण्यासारखं, असं त्याचं म्हणणं. न्यूयॉर्कमधल्या माणसाला ते परवडतं. ज्याच्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत त्यानं एकट्यानं वाचावं. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद येतो तो लग्नपत्रिकेचा, त्याला सोबतीनंच सुरुवात करावी लागते. आमच्याकडे वाचणारी पोरं घडली ती व्याख्यानमालांतून, रात्रभर चाललेल्या गप्पांतून. नांदेडच्या कुरुंदकर गुरुजींभोवती बसणाऱ्यांना ग्रंथांइतकाच त्यांच्याशी होणारा वाद महत्त्वाचा वाटायचा. आणि हे गुरुजी इंटरला नापास झालेले, हे अभ्यासिकेच्या भिंतीवर कुणीतरी लावलं पाहिजे. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं, त्याच्या मेळाव्यांत लिहिणारे आणि वाचणारे एकाच सतरंजीवर असत. ब्रॅडबरीला कॉलेजात पाठवायला घरात पैसे नव्हते. आपण वाचनालयात शिकलो असं तो आयुष्यभर सांगायचा. या कादंबरीचा पहिला खर्डा त्यानं एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टाइपरायटरवर बडवला. एकूण भाडं झालं ९ डॉलर ८० सेंट. पोटाला नाही तिथं कादंबरी कसली, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो मराठवाड्यातल्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणार: पुस्तक जाळणं एवढं वाईट, तर २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय झालं? हा प्रश्न टाळण्यासाठी संयोजक दुसरं पुस्तक घेऊ म्हणतील. मी म्हणतो, याच प्रश्नासाठी हे पुस्तक घ्या. माझ्यापुरतं उत्तर असं. माँटॅगचं दल जाळतं ते कुणी वाचू नये म्हणून, आणि त्यामागे राज्याची सगळी ताकद उभी असते. महाडला ज्यांनी मनुस्मृती जाळली त्यांच्याकडे सत्ता नव्हती. ज्या ग्रंथांच्या जोरावर त्यांना अक्षरापासूनच दूर ठेवलं गेलं, त्यांतल्या एकाचा तो जाहीर निषेध होता. ती जाळून कुणाच्या कपाटातून नाहीशी होणार नव्हती आणि करायचीही नव्हती. जाळणाऱ्या बाबासाहेबांनीच पुढे आपल्या ग्रंथांतून मनूचे श्लोक उतरवून त्यांची अशी चिरफाड केली की ती न वाचता कुणालाच करता आली नसती. जाळणं आणि वाचणं त्यांच्या बाबतीत एकाच कामाचे दोन भाग होते. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. प्रतीक म्हणून का होईना, आग ती आगच, असं कुणी म्हणेल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात वस्त्या जळल्या, त्यामुळे आगीबद्दल इथं कुणीच हातचं राखून बोलू शकत नाही. हे बोलणं एरवी एक तर जयंतीच्या स्टेजवर होतं, जिथं सगळे एका बाजूचे असतात, नाही तर फोनवरच्या ग्रुपात होतं, जिथं शिव्या असतात. कादंबरी मधे ठेवली तर दोन्ही बाजू एकाच चटईवर बसून बोलू शकतील, अशी मला आशा आहे. खात्री नाही.

आता करायचं कसं, ते थोडक्यात. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो म्हणून तेव्हा करू, असं कुणीतरी म्हणेल. त्या दिवसांत मराठवाडा सोयाबीन काढत असतो, आणि बीडकडची ऊसतोड कुटुंबं बिऱ्हाड बांधायच्या तयारीत असतात. श्रावण धरा. पेरण्या उरकलेल्या असतात, गावं भरलेली असतात, विहारात वर्षावास चालू असतो, देवळात पोथी लागलेली असते, ऐकायची सवय अंगात असते. पोथीच्या वेळेला धक्का न लावता आठवड्यातून एक संध्याकाळ. कादंबरीचे भाग तीनच आहेत, चार-पाच बैठकांत आरामात होते. मोठ्यानं वाचा, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, थांबवायची मुभा सगळ्यांना.

पुस्तक मराठीत आणि पूर्ण हवं. याच कादंबरीची शाळांसाठी काढलेली एक आवृत्ती अमेरिकन प्रकाशकानं लेखकाला न विचारता शिव्या आणि नको ते शब्द गाळून वर्षानुवर्षं विकली होती. पोरांनीच ते ध्यानात आणून दिलं तेव्हा ब्रॅडबरी भडकला आणि मूळ मजकूर परत बसवायला लावला. तेव्हा 'कुमारांसाठी संक्षिप्त' नको. हक्क, भाषांतर, छपाई याला पैसा लागेल. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथोत्सव होतात, ग्रंथदिंड्या निघतात, फेटे बांधले जातात. त्यातल्या मांडवाच्या खर्चाला कात्री लावली तरी बरंच निघेल. जागा म्हणून १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं गावोगाव आहेत. ड वर्गातली बरीचशी दिवसातून थोडा वेळ उघडतात, वर्तमानपत्रं चाळली जातात, कपाटाची किल्ली मात्र सेक्रेटरीच्या घरी. श्रावणात ती कपाटं उघडली तरी पुष्कळ. आणि निम्म्या बैठका अभ्यासिकेत व्हाव्यात, रात्री नऊनंतर, खणांच्या बाहेर खाली सतरंजी टाकून. मालक नाही म्हणणार नाहीत; त्यांनाही जागेची जाहिरात हवीच असते.

शासन निर्णय निघू नये एवढं मात्र बघा. निघाला की तीन गोष्टी ठरलेल्या: पुस्तक हातात धरून सामूहिक फोटो, विहित नमुन्यातला अहवाल, आणि प्रश्नमंजुषा. माँटॅगच्या पत्नीचं नाव काय? कागद किती अंशाला पेटतो? कादंबरी कोणत्या साली प्रसिद्ध झाली? अचूक उत्तरांतून सोडत काढून विजेत्यास मान्यवरांच्या हस्ते प्रमाणपत्र. अभ्यासिकेतली पोरं ही स्पर्धा हसत हसत जिंकतील, पुस्तक न उघडता, आणि कॅप्टन बीटीलाही यात काही आक्षेपार्ह दिसणार नाही.

त्यापेक्षा बीटीची बाजू घेणारा एक माणूस प्रत्येक बैठकीत मुद्दाम बसवा. त्याला सोपं जाईल. लोक सुखी असतील तर पुस्तकं हवीतच कशाला, दुखावणारं लिहायचंच कशाला, पोरानं आधी नोकरी बघावी की माँटॅग, हे सगळं तो मनापासून बोलू शकेल, कारण घरी आपण सगळे तेच बोलतो. एखादं पोरगं उठून म्हणेल, 'सर, एकदा पोस्ट निघू द्या, मग वाचतोच.' त्याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. चहा येईपर्यंत बाकीच्यांनी शोधावं.